एक्केचाळीसखालचा सदतीस

१

फाइलीत एकही कागद नव्हता.

व्यवस्थापकांनी ती उलटी धरून झटकली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'एक्केचाळीस' लिहिलेलं होतं आणि आत नुसता पुठ्ठा होता.

"तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसून तुम्ही मला ही फाइल दाखवलीत," माझ्या शेजारची बाई म्हणाली. "चार-पाच कागद होते आत. अर्ज करा, नकला मिळतील म्हणालात. मी अर्ज केला. आता म्हणता, काहीच नाही?"

"मलाही कळत नाहीये, मॅडम. कपाटाला कुलूप असतं. किल्ली इथे खिळ्याला असते."

"म्हणजे कुलूप कशासाठी लावता? शोभेला?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघायला लागले. मी कोण, हे त्यांना अजून नीट कळलं नव्हतं. कळण्यासारखं काही नाहीही. मी रफू करते. फाटलेलं, कुरतडलेलं, सिगरेटने जळलेलं कापड माझ्याकडे येतं आणि होतं तसं होऊन परत जातं. शेजारच्या दुकानात ही बाई चष्मे विकते, म्हणून सगळा बाजार तिला चष्मेवाली म्हणतो. वय अडतीस. पैकी पहिली दोन वर्षं कुठे गेली, कोणाच्या मांडीवर गेली, हे तिला माहीत नाही. ती दोन वर्षं या शिशुगृहात गेली एवढंच दत्तकपत्रावर लिहिलंय. आणि महिनाअखेरीला शिशुगृह कायमचं बंद होणार होतं.

मी फाइल हातात घेतली. पुठ्ठा जुनाच होता. बांधायची नाडी मात्र मधेच तुटलेली होती आणि तुटलेली दोन टोकं एकमेकांवर ठेवून कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने जोडली होती. बारीक, सारखे, ओळीने आठ टाके. दोरा कोरा करकरीत होता.

कागद कोणी नेले असावेत याचा अर्धा अंदाज मला तिथेच आला. पण अर्ध्या अंदाजावर तोंड उघडण्याचं माझं वय निघून गेलंय. मी नाडी बांधली आणि फाइल परत केली.

२

यात मी कशी पडले ते सांगते. एका दुपारी चष्मेवाली माझ्या दुकानात आली आणि तिने कागदात गुंडाळलेला एक निळा फ्रॉक टेबलावर ठेवला. दोन वर्षांच्या पोरीचा. खांद्यावर उसवलेला.

"मावशी, एवढं शिवून द्याल? आईच्या ट्रंकेत होता." ही आई म्हणजे जिने तिला वाढवलं ती, मागच्याच वर्षी गेलेली. "ती म्हणायची, तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्या अंगावर हाच होता."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काही नाही. जन्मल्या जन्मल्या मला कुणीतरी शिशुगृहाच्या दाराशी ठेवून गेलं. दोन वर्षांत कुणी बघायलाही आलं नाही. कार्यालयात असंच सांगितलं होतं आईबाबांना." ती हे इतकं सरळ बोलली की मलाच कसंतरी झालं. "मला भांडायचं नाहीये कुणाशी. फक्त एवढंच कळायला हवं, की मला टाकलं होतं का."

मी फ्रॉक उलटा केला, कारण कपडा कधी सुलटा बघायचा नसतो. सुलटी बाजू लोकांसाठी असते.

खालच्या दुमडीत चांगलं दोन बोटं कापड राखलेलं होतं. आम्ही त्याला माया म्हणतो. आणि त्या दुमडीच्या वर, दोन बोटांवर, एक फिकी रेघ होती. तिथे आधीची दुमड होती. म्हणजे शिवताना चार बोटं राखली होती, पोर वाढली तशी त्यातली दोन सोडली, आणि दोन अजून शिल्लक होती. मी चष्मेवालीकडून तिचं भिंग मागवून घेतलं.

"इथे बघ. हे नवे टाके कुठे कलतात? डावीकडे ना? आणि ही जुन्या टाक्यांची भोकं बघ. तीही तशीच."

"मग?"

"मी दुमड टिपते तेव्हा माझे टाके उलटे, उजवीकडे कलतात. डावखुऱ्या माणसाचे या फ्रॉकवरच्यासारखे, डावीकडे पडतात. फ्रॉक एका डावखुऱ्या बाईने शिवला आणि नंतर तिनेच येऊन तो वाढवला. जन्मल्या दिवशी दाराशी ठेवून गेलेल्या बाईने दोन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक कधी शिवला गं?"

ती भिंग धरून तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "शिशुगृहातलीच कुणी डावखुरी असेल."

पोरगी हुशार आहे. मलाही तीच शंका होती. म्हणून मी गळ्यामागचा नंबर बघितला. शिशुगृहात कपडे धुवायला एकत्र जायचे, म्हणून प्रत्येक पोराचा नंबर कपड्यावर शिवत. लाल दोऱ्यात साखळी टाक्याने 'एक्केचाळीस' घातलं होतं. ते टाके उजव्या हाताचे होते. आणि त्या आकड्याच्या खाली, कापडात, आधी उसवलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी आकड्याची भोकं होती.

मी फ्रॉक दिव्यासमोर धरला. भोकांवर भोकं जोडत गेले. आकडा होता सदतीस.

३

"मोठ्या बाईंना सगळं आठवतं," व्यवस्थापक म्हणाले आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. फाइल रिकामी निघाल्यापासून त्यांना आमच्यापासून सुटका हवी होती हे उघड दिसत होतं.

मोठ्या बाईंनी तीस वर्षं हे शिशुगृह चालवलं. आता नव्वदीला टेकल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाठ ताठ. कोपऱ्यात लोखंडी शेगडी होती आणि खोलीत जळक्या कागदाचा वास येत होता. त्या थंडाव्यातही खिडकी उघडी ठेवली होती.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "दाराशी सापडलेली. टोपलीत. अंगावर धड कपडाही नव्हता."

"आणि कुणी भेटायला?"

"टाकून गेलेली माणसं भेटायला येत नाहीत, बाळ." चष्मेवालीचा चेहरा त्यांना दिसत नव्हता हे बरंच. "तुला चांगलं घर मिळालं ना? शिकलीस, पायावर उभी राहिलीस. मग खपल्या कशाला काढायच्या?"

"खपली धरलीच नाही अजून," चष्मेवाली म्हणाली.

मी विचारलं, "काय जाळलंत, बाई?"

त्या हसल्या. "म्हातारपणी जुनी पत्रं जाळावीत. मागे राहणाऱ्यांना त्रास नको."

"एक्केचाळीसचे कागद?"

व्यवस्थापकांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी मान सरळ माझ्या दिशेने वळवली. "तुमचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "जे जळलं ते जळलं. आता जा."

बाहेर आल्यावर चष्मेवाली भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. "संपलं, मावशी," एवढंच म्हणाली. मला इतका राग आला होता की मी तिला धीरही देऊ शकले नाही.

आम्ही मागच्या बागेतून निघालो. भिंतीला एक काळा दगड बसवलेला होता. शिशुगृहात वारलेल्या मुलांचे नंबर आणि तारखा त्यावर कोरल्या होत्या. नावं नव्हती. मी सवयीने वाचत गेले आणि सहाव्या ओळीवर थांबले.

"तुझ्या दत्तकपत्रावर तारीख काय आहे गं?"

तिने सांगितली. सदतीस नंबरचं मूल त्या तारखेच्या बरोबर अकरा दिवस आधी वारलं होतं.

४

बागेच्या टोकाला कपड्यांची खोली होती. दारात वाळत घातलेल्या चादरी आणि आत शिवणबाई. पंचाहत्तरीची, लहानखुरी, गळ्यात टेप. चाळीसेक वर्षं याच खोलीत नोकरी आणि याच खोलीत संसार. आम्ही आत गेलो तेव्हा ती खाटेवर घोंगडी घालून, कंबरेत वाकून, उशांच्या खोळींना इस्त्री करत होती.

इस्त्रीचं टेबल तिच्या मागेच मोकळं उभं होतं.

"पाठ दुखत नाही का हो?" मी विचारलं.

"दुखते की. पण सवय आहे." तिने इस्त्री उभी केली आणि सुई उचलली. उजव्या हातात. मला बरं वाटलं; म्हणजे फ्रॉकची डावखुरी ही नव्हे.

मी सरळ कामाचं बोलायला लागले, कारण शिवणाऱ्या बायकांना त्याने मोकळं वाटतं. नंबर तुम्हीच घालायचात? हो, सगळे. पोर दत्तक गेलं की? नंबर उसवायचा, कपडा दुसऱ्या पोराला, नवा नंबर.

"आणि पोर वारलं तर?"

सुई थांबली. "मग नाही. गेलेल्या पोराच्या कपड्याला दुसरा नंबर घालायचा नाही. पहिल्या दिवसापासून नियम आहे आमचा. गाठोडं बांधायचं आणि माणसं असतील त्यांना द्यायचं. नसतील तर पोराबरोबरच पुरायचं."

"कधी चुकलात?"

"या बाबतीत? कधी नाही."

मी पिशवीतून निळा फ्रॉक काढला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिने तो उलटा केला नाही, नंबर बघितला नाही. फक्त खालच्या दुमडीवरून बोट फिरवलं, आणि मग वर चष्मेवालीच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"खोळी राहिल्यात माझ्या," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

५

मी व्यवस्थापकांना तिथेच बोलावून घेतलं. चौघं त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो.

"मी पोलीस नाही," मी म्हटलं. "मला फक्त कपडे कळतात. तेवढंच सांगते. चुकलं तर या बाई मला अडवतील.

"या फ्रॉकवर आधी सदतीस होतं, नंतर एक्केचाळीस घातलं. बाहेरच्या दगडावर सदतीस मेलेलं आहे. पण या बाई मेलेल्या पोराच्या कपड्याला दुसरा नंबर घालत नाहीत. कधीच नाही, असं त्यांनीच आत्ता सांगितलं. म्हणजे हा नंबर घातला तेव्हा यांना पक्कं माहीत होतं की सदतीस जिवंत आहे. वहीत मुलगी मारली, दगडावर कोरली, आणि अकरा दिवसांनी तीच मुलगी नव्या नंबराने, कुणीही नसलेली म्हणून देऊन टाकली. वह्या बदलायचं सगळ्यांच्या लक्षात आलं. पोरीच्या अंगावरचा फ्रॉक कुणाच्या लक्षात आला नाही."

चष्मेवालीने खाटेचा कठडा धरला.

"असं का करतील?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"आई असलेलं मूल आईच्या सहीशिवाय देता येत नाही. आणि ही आई येत होती. पोरीचा फ्रॉक वाढवून देत होती. चार बोटं राखून शिवणाऱ्या बाईला पोर पाच वर्षांची होईपर्यंत सोबत हवी असते. ती सही करणार नव्हती. मग मूल मेलं म्हणून सांगितलं की काम झालं."

"पण कागद तर जळले," चष्मेवाली म्हणाली.

"कोणी जाळले? मोठ्या बाईंना दोन हातांवरचं दिसत नाही. त्यांनी कुणाला तरी कागद आणायला सांगितले आणि समोर जाळायला लावले. वास आला, त्यांचं समाधान झालं. पण ज्याने फाइल उघडली त्याच्या हातून नाडी तुटली, आणि त्याने ती शिवून ठेवली. आठ टाके! चोराला तुटल्या नाडीचं काय पडलंय? पण आमच्या हातांना राहवत नाही. तुटलेलं तसंच ठेवून उठताच येत नाही." मी शिवणबाईकडे वळले. "आणि ज्या बाईची पाठ दुखते, ती मोकळं टेबल सोडून खाटेवर वाकून इस्त्री करते. टेबलावरच्या जाड कापडाची कड नव्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली आहे. आतल्या वस्तूला गरम इस्त्री चालणार नसेल."

शिवणबाईने कात्री घेतली, टेबलापाशी गेली आणि स्वतःच कड उसवली. पाच कागद निघाले.

"मोठ्या बाईंना मी कोरे अर्ज जाळून दाखवले," ती म्हणाली. "हे द्यायचे होते. तुम्हालाच द्यायचे होते. धीर होत नव्हता. एकदा दिले की मी काय केलं तेही सांगावं लागणार."

वरचा कागद प्रवेशाचा होता. संस्थेत कागद फेकायचा नाही अशी शिस्त, म्हणून नंबर नुसता खोडून वर नवा घातला होता. खाली डावीकडे झुकलेल्या अक्षरात चार ओळी होत्या. चष्मेवालीने त्या मोठ्याने वाचल्या. 'छातीच्या दुखण्यासाठी आठ महिने दवाखान्यात राहायचे आहे. तोवर मुलीला ठेवून घ्यावे. सुट्टी मिळेल त्या रविवारी येईन. बरी झाले की घेऊन जाईन.' खाली सही आणि पत्ता.

"अकरा वेळा आली," शिवणबाई म्हणाली. "इथेच बसून तिने फ्रॉक वाढवला. माझीच सुई घेतली होती. बाराव्या वेळी आली तेव्हा तिच्यासाठी गाठोडं तयार होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, हिचं काही खरं नाही, खोकतेय, घर नाही, नवरा नाही, पोरीचं भलं होईल. हा फ्रॉक तर पोरीच्या अंगावर होता. म्हणून मी दुसऱ्याच एका मुलीचे कपडे बांधून दिले. तिने माझ्यासमोर गाठ सोडली, एकेक कपडा उलटा करून बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग दोन वर्षं ती फाटकाबाहेर उभी राहायची. मैदानातल्या पोरींचे फ्रॉक बघत."

चष्मेवालीने कागद छातीशी धरले. मला वाटलं ती त्या म्हातारीला काहीतरी बोलेल. मी तिच्या जागी असते तर बोलले असते.

"तुम्ही नंबर घातलात तेव्हा," ती म्हणाली, "मी रडत होते का?"

"नाही," शिवणबाई म्हणाली. "माझ्या मांडीवर होतीस. टेपशी खेळत होतीस."

६

पत्ता छत्तीस वर्षांपूर्वीचा होता, पण घर तेच निघालं. जिन्याखालच्या दोन खोल्या, दारात धुतलेल्या बरण्या पालथ्या घातलेल्या. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. चष्मेवालीने कागदावरचं नाव सांगितलं.

"ताई गेली. चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

त्या क्षणी चष्मेवालीचा जो चेहरा झाला तो मी विसरणार नाही. दुखणं बरं झालं होतं, बाई पुढे बत्तीस वर्षं जगली होती, आणि तरी आम्ही चार वर्षं उशिरा पोचलो होतो. मग मीच बोलले. सगळं सांगितलं. त्या बाई आधी मान हलवत होत्या. नाही नाही, ताईची मुलगी तर वारली.

"गाठोडं दिलं होतं का त्यांना?" मी विचारलं.

त्या उठल्या आणि कपाटातून एक जुनं फडकं घेऊन आल्या. आत एका लहान मुलीचे तीन कपडे होते, घडी घालून.

"हे घेऊन आली आणि म्हणाली, हे माझ्या पोरीचे नाहीत. माझी पोर जिवंत आहे. रोज म्हणायची. आम्ही समजावलं, मग रागावलो, मग डॉक्टरांकडे नेलं. दुःखाने डोकं फिरलं म्हणून गोळ्या चालू केल्या. गोळ्यांनी बोलायची थांबली." त्यांनी फडक्यावरून हात फिरवला. "पण हे टाकू दिलं नाही. म्हणायची, हे दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचं आहे, ती आई शोधत येईल."

चष्मेवालीने निळा फ्रॉक बाहेर काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनीही तो उलटाच केला. कलते टाके बघितले. वरची फिकी रेघ बघितली. मग खाली बसल्या, खुर्ची कुठे आहे हे न बघता, जमिनीवरच.

"डावरी होती ती," त्या म्हणाल्या. "मी चिडवायची तिला, तुझे टाके उलटे पडतात म्हणून." आणि मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून, अगदी हळू, "ताई, तू खरं सांगत होतीस गं."

चष्मेवाली त्यांच्याजवळ बसली. इतके दिवस ती मला मावशी म्हणत होती. आता तिच्या आईची सख्खी बहीण समोर होती आणि तिला तो शब्द काही केल्या उच्चारता येत नव्हता.

"तिने मला टाकलं नव्हतं ना?" तिने विचारलं. कागद हातात होता, सही होती, तरी विचारलं.

"अगं वेडे," असं म्हणता म्हणता त्या बाई थबकल्या. तो शब्द त्यांना पुढे नेता आला नाही. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि दोघी रडायला लागल्या.

मला तिथे काम नव्हतं. फ्रॉक जमिनीवर पडला होता तो मी उचलला, झटकला. खांदा अजून उसवलेलाच होता, आणि सुईदोरा माझ्या पिशवीत होता. मी दाराशी उजेडात बसून तो शिवला. खालच्या दुमडीला हात लावला नाही. तिथे अजून दोन बोटं कापड शिल्लक होतं, पुढच्या वर्षीसाठी ठेवलेलं.